शिकायला म्हणून नेलेली मनुबाई

सन्माननीय अध्यक्ष मल्हारराव, वेळात वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या प्राचार्या संयोगिताताई, व्यासपीठावरचे आमच्या वाचनालयाचे सर्व संचालक, पलूस आणि आसपासच्या गावांतून आलेले वडीलधारे, आयाबहिणी, आणि मागच्या भिंतीला टेकून उभी असलेली आमच्या अभ्यासिकेतली मुलं. बाळांनो, पुढं खुर्च्या रिकाम्या आहेत, या. आज मी कुणाला ओरडणार नाही.

बसून बोलले तर चालेल ना? गुडघे आता माझं ऐकत नाहीत. इतकी वर्षं ग्रंथपाल म्हणून त्या कपाटांच्या लोखंडी शिडीवर चढले-उतरले, त्याचा हिशेब ते आता मागतायत.

मघापासून इथं माझ्याबद्दल पुष्कळ चांगलं बोललं गेलं. सुरय्याबाईंनी वाचक घडवले, वाचनसंस्कृती जपली, ज्ञानाचा दिवा तेवत ठेवला. ऐकायला कुणाला आवडणार नाही? पण खरं सांगू? मी दमलेय. शाल अंगावर आहे, श्रीफळ मांडीवर आहे, आणि मनात एकच विचार आहे, की उद्या सकाळी कुलूप उघडायला जायचं नाही. याला कृतघ्नपणा म्हणू नका. दमलेलं माणूस खोटं बोलत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आणि वाचक घडवले म्हणता, तर कुठं आहेत ते? सकाळी पेपर वाचायला येणारे आजोबा एकेक करून कमी झाले. कादंबऱ्या नेणाऱ्या बायका आता फोनवर मालिका बघतात. अभ्यासिका भरलेली असते, पण तिथं स्वतःची पुस्तकं आणून वाचतात. आमच्या कपाटांकडं पाठ करून बसतात. मी त्यांना दोष देत नाही. परीक्षा द्यायच्यात, पोटापाण्याला लागायचंय. पण सत्काराला उत्तर द्यायचं तर मला वाचक घडवल्याचं श्रेय घेता येत नाही. मला फक्त एका वाचकाविषयी बोलता येईल. तिलाही मी घडवलं नाही. मी तिच्या शेजारी बसून एक पुस्तक वाचलं, एवढंच.

तिचं नाव मनुबाई. आपल्या गावातल्या निवृत्त हवालदार जोतिबादादांची थोरली बहीण. दादा इथंच आहेत, दुसऱ्या रांगेत. मी त्यांच्या घरी जाऊन विचारलं होतं, की सांगू का सगळं? ते म्हणाले, "सांगा बाई. झाकून ठेवून तरी कुनाचं भलं झालंय?" मनुबाईंना तासगावला फोन केला. त्या म्हणाल्या, "सांगा की. पर रडत सांगू नगा. लोकांस्नी वाटंल म्या मेले." त्या आज आल्या नाहीत. बेदाण्याचा हंगाम आहे, त्या काम करतात त्या शेडवर सुट्टी मिळत नाही.

मनुबाई इथं पहिल्यांदा आल्या त्या भाचीचा डबा घेऊन. जोतिबादादांची शिवांजली तेव्हा अभ्यासिकेत बसायची. पोरगी सकाळी लवकर यायची, दुपारी आत्या डबा आणायच्या, आणि डबा रिकामा होईपर्यंत दाराशी बाकावर बसून राहायच्या. पन्नाशी ओलांडलेली बाई, गळा मोकळा, पदर घट्ट खोवलेला, कुणी आलं की उठून उभी राहायची. कुणीही येवो. कॉलेजची पोरं आली तरी उठायची. मी म्हणायचे, "आवो बसा हो, हे वाचनालय आहे." त्या बसायच्या, पण बाकाच्या अगदी टोकावर, हाक आली की पळता यावं अशा.

एक दिवस पाहिलं तर त्यांचे ओठ हलत होते. समोरच्या भिंतीवर सूचना लावलीय, 'पुस्तकाची पाने दुमडू नयेत.' ती त्या अक्षर अक्षर लावून वाचत होत्या. 'दु... म... डू...' मी विचारलं, "मनुबाई, वाचता येतं तुम्हाला?" त्या एकदम घाबरल्या. चोरी सापडल्यासारखं तोंड झालं. "न्हाई वो. नुसती अक्षरं लागत्यात."

हळूहळू कळलं. मनुबाईंचं मूळ गाव कवठे महांकाळकडचं. दुष्काळी माळ, वडिलांची थोडी जिरायत. त्या आठ-नऊ वर्षांच्या असताना वडिलांचे एक चुलतभाऊ साताऱ्याहून आले. सरकारी नोकरी, स्वतःचा बंगला. ते म्हणाले, "पोरीला आमच्याकडं द्या. साताऱ्यात चांगल्या शाळा आहेत. शिकवतो, मोठी करतो." वडिलांनी हात जोडले. जोतिबादादा तेव्हा रांगत होते.

मनुबाई शाळेत कधीच गेल्या नाहीत. पहिलं वर्ष म्हणाले, प्रवेशाची मुदत गेली. दुसऱ्या वर्षी घरात बाळ झालं. मग बाळाचं करायला कुणी हवं, मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या, मग हे, मग ते. तीसहून जास्त वर्षं गेली त्या बंगल्यात. झाडलोट, स्वयंपाक, म्हातारीचं हगणं-मुतणं. माफ करा, पण मनुबाई याच शब्दांत सांगतात. लग्नाचा विषय कुणी काढला नाही. कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. दिवाळीला साडी मिळायची. आणि आल्या-गेल्याला घरातल्या काकी सांगायच्या, "ही आमची मनू. मोलकरीण नाही हो, घरचीच आहे."

अक्षरं त्या शिकल्या ती त्या बाळामुळं. विश्वजीत त्याचं नाव. तो गिरवायला बसला की मनुबाई शेजारी बसायच्या, त्याच्याकडून म्हणून घ्यायच्या. त्याच्या तिसरीपर्यंत त्याच्याबरोबर यांची तिसरी झाली. मग त्याला शिकवणी लावली, आणि त्या वेळेत मनुबाईंनी चहा करायचा असं ठरलं. शिक्षण तिथं थांबलं.

पुढं विश्वजीत पुण्याला गेला, म्हातारी वारली, काका वारले, काकीही मुलाकडं जायच्या झाल्या. बंगला बंद करायचा ठरला. तेव्हा मनुबाईंना गाडीत बसवून पलूसला भावाच्या दारात आणून सोडलं. आई-वडील तोवर गेले होते. दादा फौजेतून परतून इथं घर बांधून राहिले होते. त्यांनी बहिणीला घरात घेतलं. आणि घरात काम तर असतंच. मनुबाईंना दुसरं येत काय होतं?

अध्यक्षसाहेब, आपण घड्याळाकडं पाहिलंत. मी आवरतं घेते, पण पुस्तकाशिवाय हे अर्धं राहील.

मी विचार केला, यांना काय वाचायला द्यावं? बालवाङ्मय दिलं, तर दोन पानांत म्हणाल्या, "ससा आन कासव म्हाईत हाय मला." नुकतंच एक अनुवादित पुस्तक आलं होतं. अमेरिकेतल्या एका काळ्या गुलाम बाईनं दीडशे वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं लिहिलेली आपली हकिकत. ते मीही वाचलं नव्हतं. जाड नव्हतं, अक्षर मोठं होतं. खरं सांगते, अक्षर मोठं म्हणूनच ते उचललं. दुपारी डबा संपला की आम्ही दोघी खिडकीपाशी बसायचो. एक परिच्छेद त्या, एक मी. त्यांचा परिच्छेद संपायला वेळ लागायचा. सुरुवातीला मला झोप यायची, खोटं कशाला बोलू?

त्या लेखिकेला मनुबाईंनी कधी नावानं हाक मारली नाही. परकं नाव, जिभेवर बसेना. त्या तिला 'आपली बाई' म्हणायच्या. "आज आपली बाई काय म्हंती बगू."

पहिल्याच प्रकरणात त्या बाईनं स्वतःच्या विक्रीचा दिवस सांगितलाय. ती लहान आहे. दारात घोडागाडी उभी राहते. कुणीतरी उचलून तिला वर बसवतं. आई बाजूला उभी आहे. आणि ती लिहिते, की मी यापूर्वी कधी गाडीत बसले नव्हते, म्हणून मला फार आनंद झाला. मी हसत होते. आई का वाकली, जमिनीवर का बसली, हे मला कळलं नाही, कारण मी घोड्याकडं बघत होते.

हा परिच्छेद मनुबाईंचा होता. वाचता वाचता त्या थांबल्या. मला वाटलं, एखादं जोडाक्षर अडलं. मी पुस्तकात डोकावले. त्यांचं बोट 'हसत' या शब्दावर होतं.

"म्या बी लय खूश हुते," त्या म्हणाल्या. "एष्टीत खिडकीजवळची जागा मिळाली हुती मला. आई खाली हुबी हुती. म्या झाडं बगत हुते, कशी पळत्यात म्हनून. तिच्याकडं नीट बगितलं सुदिक न्हाई."

मग म्हणाल्या, "मला वाटायचं, आसं माझंच झालं. आसली येडी मी एकटीच."

त्या दिवशी पुढं वाचलं नाही.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मी तेव्हा उत्साहाच्या भरात म्हणून गेले, "मनुबाई, तुमचंही तसंच झालं की. ही गुलामीच." त्यांना राग आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी त्यांना रागावलेलं पाहिलं. "न्हाई बाई. आसं म्हनू नगा. तिला बाजारात हुबी करून इकली. तिच्या पाठीवर वळ हुतं. तिची लेकरं इकली. मला कुनी इकलं न्हाई. तिचं तिला ऱ्हाऊ द्या, माझं मला." मी माझे शब्द मागं घेतले. आजही कुणी ऐकणाऱ्यानं दोन्ही दुःखं एका तराजूत घालू नयेत, अशी माझी विनंती आहे. मनुबाईंनी घातली नाहीत.

मारहाणीची प्रकरणं आली तेव्हा मला वाचवेना. मी म्हटलं, ही पानं सोडू या. तर त्या म्हणाल्या, "तिनं सोसलं, वर लिवून काडलं. आन आपुन नुसतं वाचायचं बी न्हाई व्हय?" मग त्यांनीच वाचलं. अडखळत, शब्द तोडत. मला तर वाटतं, ती पानं तशीच वाचायची असतात. सरळ, भराभर वाचता आली तर काहीतरी चुकतंय समजावं.

अशाच एका दुपारी त्यांनी आणखी एक सांगितलं. साताऱ्याला असताना आई-वडील एकदाच भेटायला आले होते. त्या दिवशी काकींनी मनूला नवा फ्रॉक घातला, वेणी घातली, आणि सांगितलं, कामाचं काही बोलायचं नाही. आई जवळ घेऊन म्हणाली, "शाळा कशी हाय गं?" आणि मनू म्हणाली, "बरी हाय."

"काकींच्या भीतीनं म्हणालात?" मी विचारलं.

त्या म्हणाल्या, "भ्या हुतंच. पर आई इतकी हासत हुती वो. तिचं त्वांड बगून मला दुसरं काय बोलताच आलं न्हाई."

पुस्तक संपत आलं होतं. दुपारची वेळ, आम्ही वाचत होतो. बाहेर मोटार थांबली. जोतिबादादा आत आले आणि त्यांच्यामागं एक चाळिशीतला, चांगल्या कपड्यांतला माणूस. मनुबाई उठून उभ्या राहिल्या. तो विश्वजीत होता.

तो वाईट माणूस नाही, हे मी आधीच सांगते. तो खाली वाकून त्यांच्या पाया पडला. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाला, "मनूताई, आईला अर्धांगवायू झालाय. साताऱ्याचा बंगला परत उघडलाय, तिला तिथंच राहायचंय. बाया ठेवून पाहिल्या, कुणी टिकत नाही. ती तुझंच नाव घेते. चल ना. तुझी खोली तशीच आहे."

मला नंतर कळलं, ती खोली म्हणजे स्वयंपाकघरामागचं कोठार.

दादा म्हणाले, "आक्का, जा की. तुला तिथली सवं हाय. आजारी मानसाला न्हाई म्हनू नये."

मनुबाई उभ्याच होत्या. पुस्तकात बोट घालून. मला बोलायचं होतं, पण मी कोण? घरच्यांचं बोलणं होतं ते. मग मनुबाई खाली बसल्या. ते दोघं उभे आणि त्या बसलेल्या. मला आठवतं, दादांना ते खटकलं होतं.

"विशू," त्या म्हणाल्या, "मी तुमची कोन रं?"

"असं काय विचारतेस? तू घरचीच आहेस."

"मग माझ्या आईचं नाव सांग बरं."

तो गोंधळला. त्यानं दादांकडं पाहिलं.

"तिकडं बगू नगस. माझं गाव कुठलं, त्ये सांग. तू लिवाय बसलास की तुझी पाटी धरून बसले म्या. तुला गोवर निगाला तवा मांडीवर घिऊन बसले. तुझ्या आईच्या म्हायेरची धा गावं मला तोंडपाठ हायती. तू माझं येक सांग."

विश्वजीतला ठाऊकच नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं, आणि त्यानं कधी विचारलं नव्हतं. तो तिथंच खाली बाकावर बसला. म्हणाला, "ताई, माझं चुकलं. पण आईचं काय करू?"

"तुझी आई हाय ती. तू कर." फार शांतपणे म्हणाल्या त्या. "मी येनार न्हाई, बाळा."

'बाळा' म्हणताना आवाज फुटला. पण 'न्हाई' म्हणताना फुटला नाही.

जोतिबादादा चिडले. "आगं, दारात आलेल्या पाव्हन्याला आसं बोलत्यात व्हय? कुनी शिकवलं तुला ह्ये?" आणि त्यांनी माझ्याकडं पाहिलं. दादा, तुम्ही हसताय आता, पण त्या दिवशी तुम्ही असं पाहिलं होतं की मला वाटलं, माझी नोकरी गेली.

पुस्तकानं त्यांना हे शिकवलं, असं मी म्हणणार नाही. पुस्तकात असा प्रसंगच नाही. एवढंच, की रोज दुपारी तास-दीड तास त्या बाईला कुणी हाक मारत नव्हतं. तेवढ्यात माणूस स्वतःचा विचार करू लागतं. बाकी मला कळत नाही.

त्यानंतर घरात अबोला झाला. शिवांजली आपला डबा स्वतःच आणू लागली. मनुबाई येईनाशा झाल्या. मग कळलं, त्या तासगावला गेल्या. शिवांजलीनंच बसमध्ये बसवून दिलं होतं. तिथं एका बेदाण्याच्या शेडवर बायकांबरोबर बेदाणा निवडायचं काम, आणि जवळच एका बाईच्या घरात खोली.

मी एका रविवारी गेले. पुस्तक पिशवीत घेऊन. उन्हाची वेळ, शेडमध्ये जाळ्यांवर द्राक्षं वाळत घातलेली, तो गोड-आंबट वास घशात बसतो. जेवणाची सुट्टी होती. मनुबाई पोत्याला टेकून बसल्या होत्या. बोटं चिकट, डोळे लाल. मला वाटलं होतं, स्वतःच्या पायावर उभी राहिलेली बाई बघायला मिळेल, चेहऱ्यावर तेज वगैरे. आपल्याला कथांमधून अशी सवय लागलेली असते. समोर एक थकलेली बाई होती. पाय सुजलेले होते.

"कसं चाललंय?" मी विचारलं.

"काम तर काम हाय. तिकडं बी हुतं, हितं बी हाय." मग म्हणाल्या, "पर पाच वाजता सुटते वो बाई. पाच वाजता सुटल्यावर काय करायचं, त्येच मला उमगंना. पयल्या दिवशी खोलीच्या पायरीवर नुसती बसून राह्यले. अंदार पडला तरी."

मी पिशवीतून पुस्तक काढलं. आम्ही जिथं थांबलो होतो त्यानंतरचंच पान मी वाचलं. गुलामी कायद्यानं संपल्यावरची पहिली सकाळ. ती बाई लिहिते, की मी नेहमीच्या वेळेला उठले, चूल पेटवायला गेले, आणि आठवलं, की आता कुणासाठी पेटवायची नाही. मग मी दारात बसले. मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त झोप येत होती.

मनुबाई हसल्या. फार दिवसांनी पाहिलेलं हसू. "बगा," म्हणाल्या, "आपली बाई खोटं लिवीत न्हाई."

आणि मग त्यांनी सांगितलं, की त्या साताऱ्याला जाऊन आल्या. स्वतःहून. विश्वजीतला फोन करून, सुट्टीच्या दिवशी. मी चकित झाले. "सेवेला?" मी विचारलं. "न्हाई. पाव्हनी म्हनून." पुढच्या दारानं आत गेल्या. हॉलमध्ये सोफ्यावर बसल्या. इतक्या वर्षांत तो सोफा रोज पुसला होता, त्यावर कधी बसल्या नव्हत्या. विश्वजीतच्या बायकोनं चहा आणला. काकींच्या खाटेजवळ खुर्ची ठेवली होती. काकींना बोलता येत नव्हतं नीट. त्यांनी चांगला हात पुढं केला, मनुबाईंनी धरला.

"राग आला?" मी विचारलं.

"न्हाई."

"दया?"

"ती बी न्हाई. दमल्यावानी झालं नुसतं. लय वर्सं वज्जं उचलून चालल्यावर खाली ठिवलं, की हात कसं गळत्यात, तसं." मग त्या माझ्याकडं झुकल्या, गुपित सांगावं तशा. "येक सांगू? समद्यात जड काय गेलं? चा पिऊन झाल्याव कप तितंच ठिवून उठायचं. माझा हात चारदा फुडं गेला वो बाई. पर न्हाई उचलला."

मला पुढचं वाचायचं होतं. शेवटचं एकच प्रकरण राहिलं होतं. मी पान उलटलं, तर त्यांनी पुस्तकावर हात ठेवला. "ठिवून जावा. शेवट मी एकटी वाचती."

मी परत येताना बसमध्ये विचार करत होते. वाईट वाटलं, नाही असं नाही. इतकं पुस्तक बरोबर वाचलं, आणि शेवटाला मी नको? पण तासगाव मागं पडेपर्यंत ते गेलं. वाचनालयात इतकी वर्षं काढून एवढं तर कळायला हवं, की जो शेवट एकट्यानं वाचायला मागतो, तोच वाचक.

मी ते प्रकरण घरी येऊन दुसऱ्या प्रतीतून वाचलं. त्यात ती बाई, आता प्रौढ झालेली, जिथून विकली गेली त्या गावी आईला शोधायला जाते. आई सापडत नाही. कबर सापडत नाही. आईला ओळखणारं कुणी सापडत नाही. ती तिथल्या ओढ्याचं पाणी पिते आणि परत येते. तिथंच पुस्तक संपतं. मला वाटलं, बरं झालं आपण बरोबर नव्हतो. मला हे त्यांच्यापुढं वाचता आलं नसतं.

काही आठवड्यांनी मनुबाई स्वतः पुस्तक परत करायला आल्या. नवीन लुगडं, हातात पिशवी. या वेळी बाकाच्या मधोमध बसल्या. म्हणाल्या, "म्या गावाला जाऊन आले."

कवठे महांकाळकडच्या त्या गावाला. लहानपणी सोडल्यावर पहिल्यांदाच. दादा फौजेत गेल्यावर घर पडलं, जागा विकली, तिकडं कुणाचं जाणं राहिलं नव्हतं. मनुबाई म्हणाल्या, "आपल्या बाईला कुनी सापडलं न्हाई. मला वाटलं, मला बी न्हाई सापडायचं. पर ती जाऊन आली, मग म्या का नगं?"

घराच्या जागी कुणाचा तरी गोठा होता. पण शेजारची एक म्हातारी जिवंत होती. डोळ्यांनी दिसत नव्हतं. मनुबाईंनी नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं. म्हातारीनं हातानं तोंड चाचपलं आणि ती ओरडलीच, "आगं, तू सातारची मनी व्हय! शाळंची!"

मनुबाईंना कळेना. मग म्हातारी सांगू लागली, की तुझी आई मरंस्तोवर आख्ख्या गावाला सांगायची. पाण्यावर, शेतात भांगलणीत, बाजारात. माझी मनी साताऱ्याला शिकती. आता सातवीला गेली, आता मॅट्रिकला बसली, आता मास्तरीण व्हनार. कुणाच्या पोरीचं लग्न लवकर ठरलं, की त्यांच्याशी भांडायची. म्हणायची, शिकवा की पोरीला, माझी बगा कशी शिकती. त्या गावात पहिल्यांदा दोन पोरी हायस्कूलला गेल्या, त्या तुझ्या आईनं भांडून घातल्या. "लय म्हंजी लय सांगायची," म्हातारी म्हणाली. "आमाला वीट यायचा."

आणि मग तिनं मनुबाईंचा हात धरून विचारलं, "शिकलीस न्हवं गं?"

हे सांगताना मनुबाई या इथं, खिडकीपाशी बसल्या होत्या. पुस्तक मांडीवर. मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हनले, व्हय. शिकले."

मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या बाईनं आयुष्यात कुणाकडं काही मागितल्याचं मला ठाऊक नाही. त्या दिवशी मागितलं. म्हणाल्या, "आवं बाई, ह्ये खोटं न्हाई न्हवं? आईला येकदा खोटं सांगितलं म्या. ह्ये तर खोटं न्हाई?"

मित्रहो, माझ्या हातून किती पुस्तकं गेली, किती लोकांना मी किती गोष्टी शोधून दिल्या. त्या प्रश्नाचं उत्तर मला एका शब्दात देता आलं, आणि तेवढं देण्यापुरती मी या खुर्चीत बसले होते, असं मला आता वाटतं. मी म्हटलं, "नाही मनुबाई. खोटं नाही."

पुढं काय झालं, म्हणाल तर फारसं काही नाही. मनुबाई तासगावलाच आहेत. काम कष्टाचं आहे, पाय अजून सुजतात. दादा मधूनमधून जाऊन येतात. पहिल्यांदा गेले, तेव्हा दोघं शेडबाहेर बसून राहिले, आणि निघताना दादांनी विचारलं, "आक्का, माझ्या जल्माआदी आई कशी हुती गं? मला तवाची म्हाईत न्हाई." आणि त्या सांगत बसल्या. हे मला दादांनीच सांगितलं.

आता पुरे करते. बराच वेळ घेतला. आपण मला सन्मानानं बोलावलंत, शाल दिलीत, पदरात मावणार नाहीत इतके चांगले शब्द दिलेत, त्याबद्दल मी सगळ्यांची मनापासून ऋणी आहे. संचालक मंडळानं इतकी वर्षं मला सांभाळून घेतलं. माझ्यामुळं कुणाला पुस्तकासाठी चार खेपा घालाव्या लागल्या असतील, कुणाला मी तोडून बोलले असेन, आज बोलताना कुणाच्या मनाला लागलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. आणि शब्दांत काही कमी-जास्त झालं असेल, तर थकलेल्या बाईचं बोलणं म्हणून सोडून द्या.

चहा झालाय, असं मागून खुणावतायत. चहा घेतल्याशिवाय कुणी जाऊ नका. माझा सर्वांना नमस्कार.